ठाण्याला जिना नाही

१० फेब्रुवारी, मंगळवार

आधी तारीख टाकायची, असं ही पोरगी म्हणते. मी म्हणलं, कालचं सगळं माझ्या ध्यानात आहे, तारीख कशाला? तर म्हणाली, "आजी, ठाण्यातले लोक तारखा फिरवतेत. तुमच्या ध्यानात हाय, पर ध्यानाला कोर्टात कोण इचारतंय?" म्हणून लिहून घ्यायला बसलीय. मी नागुबाई, अंगठाबहाद्दर. ही धम्मशीला, वस्तीतल्या बायनाबाईची लेक, परभणीला कॉलेजात जाते. माझी नात रुद्राणी नांदायला गेली तेव्हापासून पेपर हीच वाचून दाखवते. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. म्हणते, लिहिलेलं जरा नीट दिसावं. दिसू दे. मी कुठं वाचणार आहे.

तर झालं असं. शनिवारी वस्तीच्या तोंडचा निळा फलक कुणीतरी उपटून नालीत टाकला. कुणी, ते साऱ्या गावाला माहीत आहे, एकट्या ठाण्याला माहीत नाही. रविवारी वस्ती रस्त्यावर बसली. कुठून तरी दगड आला, पोलिसाच्या जीपची काच फुटली. फलक उपटणाऱ्याला शोधायला सायकलसुद्धा आली नव्हती. काचेसाठी काल भर दुपारी गाड्यांवर गाड्या आल्या.

लाथा घालून दारं उघडली. पाण्याचे माठ फोडले, पिठाचे डबे चुलीत पालथे केले. पिठानं कुणाचं काय केलं होतं? बायनाबाई दारात आडवी झाली, तिच्या मनगटावर काठी बसली. हाताला लागतील ती पोरं उचलली. त्यात धम्मशीलाचा भाऊ सिद्धोधन. त्यात आमचा शिवप्रकाश.

शिवा माझा नातू. त्याचं आणि सिद्धोधनचं स्टँडावर दुकान आहे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देतात. तांब्याची तार एकानं दातात धरायची, दुसऱ्यानं गुंडाळायची. मी किती वेळा म्हणलं असेल, अरे, हात देवानं नुसते भाकरी मोडायला दिलेत का? काल दुपारी शिवा जेवायला सिद्धोधनच्या घरी होता. घरी मला रोज सांगतो, "आजी, भूकच न्हाई." आता कळलं, त्याची भूक कुठं जाते.

माझा लेक बसवंतराव किराणा दुकान तसंच उघडं टाकून ठाण्यावर पळाला. आतून सांगितलं, असा कोणी पोरगा आणलेलाच नाही. घरी येऊन मला म्हणाला, "माय, चुकून उचललं गं त्याला. आपण लिंगायत हाव हे कळलं की सोडतेत."

मलाही तसंच वाटलं. चूकच झाली. धम्मशीलाला म्हणलं, लिही, चूक झाली. तिनं लिहिलं.

जाताना तिला चहा दिला, तिच्या नेहमीच्या पेल्यात. तो कोनाड्यात असतो.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज मी स्वतः गेले ठाण्यावर. फौजदार माझ्या नातवाच्या वयाचा, मिशी मात्र त्याच्या बापाच्या वयाची. म्हणाला, "आजी, इथं कुणीबी न्हाई. उन्हाचं कशाला आलाव?"

बाहेर चिंचेखाली एक जमादार तंबाखू मळत होता. त्याला म्हणलं, "दादा, माझा नातू आत नसंल तर नसू दे. पर असला, तर त्याला दम लागतो लहानपणापासनं, तेवढं बगा." तो इकडंतिकडं बघत बोलला, "आजी, जित्ता हाय. सोमवारी आणलं तवाच करदोडे, पट्टे, गळ्यातले दोरे समद्यांचे काढून घेतलेत. आता जावा."

गळ्यातले दोरे.

वस्तीच्या पोरीला हे समजावून सांगावं लागलं, म्हणून इथंही सांगते. आमच्यात लेकराच्या गळ्यात डबीत घालून लिंग बांधतात, ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. मेल्यावर मातीत बसवतात तेव्हाही ते तळहातावर असतं. ते अंगावेगळं झालं तर घरातल्या मोठ्या माणसानं अन्न शिवायचं नाही. शिवा काही मोठा भक्त नाही. आधी चहा ढोसतो, मग कपाळाला विभूती लावतो, तीही आरशात भांग पाडता पाडता. पण दोरा त्यानं कधी उतरवला नाही. त्यानं आत काही खाल्लं असेल तर देव त्याला माफ करो. मी कशी खाऊ?

परत वळले आणि फाटकापाशी मातीत बसले. फौजदार बाहेर आला.

"आजी, आता काय?"

"साहेब, नातू तुमचा आरोपी असंल, ठिवा. कायदा काय म्हणंल ते म्हणंल. माझं लिंग काय आरोपी न्हाई. ते द्या."

"कुठलं लिंग?"

"सोमवारी काढलं ते."

"सोमवारी कुणाला आणलंच न्हाई!"

"मग काढलं कुणाचं?"

फौजदार आत निघून गेला. बसवंता रात्रीच्या आधी मला ओढून घरी घेऊन आला. दूध आणि पाणी घेते. अन्न नाही. म्हातारीला मरायचं नाहीये, बसायचंय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज फाटकापुढं गर्दी. माझं लिंगाचं गाऱ्हाणं आमच्या गल्लीत पसरलं. "लिंग काढलं? पोलिसानं?" म्हणत बायका पदर खोचून आल्या. चिंचेच्या सावलीत बसल्या. थोड्या वेळानं वस्तीतल्या बायका आल्या, त्या उन्हात बसल्या. सावलीत जागा होती. कुणी या म्हणलं नाही, कुणी मागितलीही नाही. मी सावलीतच होते.

बायनाबाईचं मनगट सुजून दुधी भोपळा झालंय. ती उन्हातून ओरडली, "नागुबाई, तुमच्या देवाला तरी सोडा म्हणाव! आमच्या पोराला मग इचारू." वस्तीतल्या बायका हसल्या. आमच्या हसल्या नाहीत. मला हसू आलं, पण दाबलं.

दुपारी फौजदारानं सांगितलं, पोरं आजच पकडलीत, आजचीच अटक आहे.

मी म्हणलं, "आज आणलेल्याचा दोरा सोमवारी कसा काय तुटला?"

"कोण म्हणतंय तुटला?"

तंबाखूवाला जमादार बाजूलाच उभा. त्याच्याकडं मी बघितलंसुद्धा नाही. त्याची बायकापोरं असतील. म्हणलं, "मला शंकरानं सपनात सांगितलं."

फौजदार म्हणाला, "आजी, तुमी चांगल्या घरच्या. ह्या लोकात कशाला बसायलाव?"

त्या वेळी मला ते बोलणं गोड लागलं. हे पण लिहिलंय धम्मशीलानं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

शिवा आला!

सगळ्यांना कोर्टात नेलं होतं. बाकीची पोरं जेलात गेली, आणि शिवा बसवंताच्या मोटारसायकलवर मागं बसून घरी आला. त्याची पाठ मी बघितली. शर्ट चिकटला होता, पाणी लावून सोडवावा लागला. माझी सून शिवरंजनी चुलीकडं तोंड करून रडत होती. मी रडले नाही. मी प्रत्येक वळ बोटानं मोजून शिवी दिली. त्या शिव्या धम्मशीला लिहीत नाही. मी लिही म्हणते. ती नाही म्हणते.

गळा मोकळा. "लिंग कुठाय रे?" विचारलं. "म्हाईत न्हाई, आजी," म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून निजला.

सिद्धोधनला परभणीच्या मोठ्या दवाखान्यात नेलंय. पोलिसांनी कोर्टात सांगितलं, तो ठाण्याच्या जिन्यावरून पडला.

ठाण्याला जिना नाही. आख्ख्या गावाला ठाऊक आहे. पत्र्याची बैठी इमारत, पुढं एक पायरी, तीही झिजलेली. त्या पायरीवरून कुत्रं पडलं तरी हसेल.

बसवंताला विचारलं, "कितीला सोडवलंस?"

"पैसा न्हाई लागला, माय. एक शब्द द्यावा लागला, बस."

बरा निघाला फौजदार. म्हणून म्हणते, चूक कळली त्यांना. धम्मशीला इथं लिहायची थांबली. काय झालं गं, म्हणलं. म्हणाली पेन अडकायलंय. पेन तर चालत होतं. चहा ठेवला होता, तो न पिताच गेली. भावाची काळजी असेल.

१५ फेब्रुवारी, रविवार, शिवरात्र

काल लिहिणारी आली नाही, म्हणून काल कोरा. आज सगळं गाव उपाशी, त्यामुळं माझ्या उपासाचं कुणाला काही वाटेना.

धम्मशीला दवाखान्यातून सरळ आली. दारातच उभी राहिली. ओढणीच्या टोकाची गाठ सोडून हात पुढं केला. तळहातावर लिंग. शिवाचंच. काळ्या लेपावर एक बारका टवका आहे, तो लहानपणी शिवानंच पाडलेला.

मी आधी काय केलं ते लिही, असं तिला म्हणलं. ती नको म्हणत होती. लिही. मी हात मागं घेतला. नातवाचा जीव ज्यात गुंतलेला ते समोर दिसतंय, आणि ह्या म्हातारीचा हात मागं गेला, कारण ते कुणाच्या हातावर होतं! पुढं कधी आला, ते मला सांगता येत नाही. ती तशीच हात धरून उभी होती.

मग बसून तिनं सांगितलं. सोमवारी कोठडीत दोरा हिसकला तेव्हा डबी उघडून लिंग फरशीवर पडलं, घरंगळलं. कुणाचा तरी बूट त्याच्यावर येणार, तेवढ्यात सिद्धोधननं हात घातला आणि मूठ मिटली. त्यांना वाटलं, ह्यानं काहीतरी लपवलंय. उघड म्हणाले. त्यानं उघडली नाही. काठीनं बोटं ठेचली तरी उघडली नाही. बेशुद्ध झाला तरी मूठ मिटलेलीच, मग बोटं सुजली आणि ती उघडेचना. दवाखान्यात डॉक्टरणीनं एकेक बोट उचललं तेव्हा ते निघालं. तार धरणारी बोटं. तीन मोडलीत.

चांदीची डबी काही सापडली नाही. चांदीला कुणी सोडत नाही.

"दादा म्हणला, शिवाच्या आजीला माझ्या हातानं द्यायचं होतं, पर हातच उघडंना."

तिला म्हणलं, बाई, शिवाला हाक मारते, त्याच्या गळ्यात बांधू. ती म्हणाली, "थांबा आजी. आणखी एक हाय. मला शुक्रवारीच कळलं व्हतं, कोर्टात. शिवानं जबाब दिलाय. पहिला दगड सिद्धोधननं मारला, म्हणून."

एक शब्द द्यावा लागला.

हे कळलेलं असून तिनं शुक्रवारी इथंच लिहिलं होतं, स्वतःच्या हातानं: "बरा निघाला फौजदार." लिहिलं आणि उठून गेली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी शिवाला समोर बसवलं. बसवंता मध्ये आला, त्यालाही बसवलं. लिंग माझ्या पदरात.

"दगड कुणी मारला रे?"

शिवानं बापाकडं बघितलं.

"सिद्धोधन कुठं व्हता रविवारी?"

"दुकानात," शिवा म्हणाला. "माझ्यासंगं. मोटार भरायलो हुतो."

"मग?"

त्याची मान खाली. "आजी, मारता मारता त्यांनी आडनाव इचारलं. सांगितलं. तवा थांबले. पाणी दिलं. म्हणले, तू चांगल्या घरचा, हितं सही कर न् जा. मी म्हणलं, मला घरी जायचंय. बाजूला सिद्धोधनला मारायलेच होते. सही करेस्तोवर."

बसवंता ओरडला, "माय, पोरगं जित्तं आलंय! आपण काय त्यांच्यातले हाव का? त्यांचं त्यांला बगू दे!"

चांगल्या घरचा. मलाही फौजदार तेच म्हणाला होता, चिंचेच्या सावलीत. तेव्हा गोड लागलं होतं. आता तोंडात जळतंय. चूक झाली, चूक झाली म्हणून मी सात घरं सांगत फिरले. त्यांनी सिद्धोधनला नेलं ती चूक नव्हती तर काय होती? शिवाला सोडलं एवढीच त्यांची चूकदुरुस्ती. आणि मी, पोरीला मांडी घालून बसवून, तिच्याच हातानं लिहून घेतलं.

बसवंताला म्हणलं, "पाठ बग त्याची. कुठला वळ लिंगायताचा न् कुठला वस्तीतला, दाखव मला."

शिवाला म्हणलं, "हे तुझं लिंग. दुसऱ्यानं बोटं मोडून घेऊन राखलंय. जबाब फिरव, न्यायाधीशापुढं खरं सांग, मग गळ्यात घालीन. तवर ह्या घरात मी जेवत न्हाई. तू जेव. तुला कुणी धरलंय?"

"आजी, पुन्ना मारतेत."

"मारतेत," मी म्हणलं. खोटं कशाला सांगू?

दुपारी माजघरात चहाचा वास आला. सून त्याला चोरून देत होती. मी ओरडले नाही. थोड्या वेळानं बघितलं तर कप भरलेला, साय आलेली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मठातले स्वामी आले. बसवंतानंच बोलावलं असणार. मी पाया पडले.

"नागुबाई, भव्याच्या हाताला लागलं ते. शुद्ध करून घ्यावं लागंल." ज्याच्या अंगावर लिंग नाही त्याला आमच्यात भवी म्हणतात.

"कशानं करता, स्वामी?"

"अभिषेक. पंचामृत."

"त्याला रगत लागलंय बोटाचं. ते निघतं का पंचामृतानं?"

"निघतं की."

"मग नगं. मला ते काढायचं न्हाई."

स्वामी चिडले. म्हणाले, "हट्ट सोडा. फौजदारसाहेब स्वतः दर सोमवारी मठात अभिषेकाला येतेत. त्यांच्यासंगं वैर कशाला?"

"येतेत का? मग त्यांच्या हाताचं काय शुद्ध केलं तुमी? का काठीला विटाळ नसतो?"

स्वामी दूध न घेता गेले. माझ्या आजवरच्या जन्मात जंगम, म्हणजे आमचा गुरू, माझ्या दारातून असा गेला नव्हता. हे पण लिही. घाबरले होते. आणि रागही उतरत नव्हता. दोन्ही एकाच वेळी होतं, हे मला माहीत नव्हतं.

दिवा लावताना शिवा शेजारी येऊन बसला. म्हणाला, "धम्मीला म्हणावं, वस्तीच्या वकिलाला इचार. कवा यायचं?"

२० फेब्रुवारी, शुक्रवार

एसटीनं परभणी. शिवा, सून, मी, बायनाबाई, धम्मशीला आणि वस्तीतल्या बायका. बसवंता दुकानात बसला. आमच्या गल्लीतल्या बायका आल्या नाहीत. लिंग मिळालं ना, म्हणाल्या, झालं मग. त्यांचं काम झालं होतं.

कोर्टात मला आत घेतलं नाही. बाहेर बाकड्यावर बसले. शिवानं काय सांगितलं ते धम्मशीलानं सांगितलं: सोमवारी नेलं, कोणी मारलं, कोणाच्या मुठीत काय होतं, आणि पहिला जबाब खोटा. न्यायाधीशीणबाई मध्येच म्हणाल्या, सावकाश सांगा. सगळं लिहून घेतलं. पोरं अजून सुटलेली नाहीत. वकील म्हणतात, वेळ लागेल. शिवा बाहेर आला तेव्हा फौजदार व्हरांड्यात उभा होता. शिवाकडं बघून हसला. ते हसणं मी विसरणार नाही, आणि त्यानं माझं तोंडही विसरू नये.

तिथून दवाखान्यात. सिद्धोधनचा उजवा हात कोपरापर्यंत पांढरा. मी नवीन दोरा नेला होता. शिवा खाटेपाशी खाली वाकला. सिद्धोधन त्याच्याशी बोलला नाही. मग तोंड उघडून दोऱ्याचं एक टोक दातात धरलं, दुकानात तार धरतो तसं. दुसरं टोक शिवानं गुंडाळलं, गाठ मारली. लिंग छातीवर आलं.

शिवा म्हणाला, "सिद्ध्या..."

सिद्धोधन म्हणाला, "दुकानाची किल्ली धम्मीकडं दे."

शिवानं खिशातून काढली, दिली. मला वाटलं होतं, आता गळ्यात गळे पडतील. मीही म्हातारी किती येडी. बोटं त्याची मोडलीत.

परत येताना एसटी ठाण्यापुढं थांबवली. कंडक्टर म्हणाला, "आजी, इथं थांबा न्हाई." मी म्हणलं, "आमी उतरलो की थांबा झाला." सगळेच उतरलो. चिंचेची सावली रिकामी होती. मी उन्हात जाऊन बायनाबाईच्या बाजूला बसले. बायनाबाईनं फडक्यातली ज्वारीची भाकरी काढली, ठेचा काढला, निम्मी माझ्यापुढं केली.

"लिंग बसलं का जागंवर? खावा आता. उपाशी पोटानं वराडता येत न्हाई."

तिच्या हातची खाल्ली. ठेचा जहाल. डोळ्याला पाणी आलं. ठेच्याचंच आलं, असं लिही.

धम्मशीलाला म्हणलं, घरी चल, माझ्या पेल्यात चहा देते. म्हणाली, "आज नगं, आजी." तिचं बरोबर आहे. ती चहा न घेताही लिहायलीय.

इतक्यात फौजदाराची गाडी आली. उतरला, मला बघून कपाळाला हात लावला.

"आजी, मिळालं ना तुमचं लिंग? आता काय पायजे?"

"पोरं पायजेत. ती न्यायाधीशीणबाई देईल. तुमच्याकडं दुसरं काम हाय."

"काय?"

"सिद्धोधन पडला तो जिना दाखवा."

मागून बायनाबाई ओरडली, "दाखवा की साहेब! आमालाबी चढून बगायचाय!" बायका हसल्या, मग हसायच्या थांबल्या आणि सगळ्या एकदमच म्हणायला लागल्या, जिना दाखवा, जिना दाखवा. शिवाही म्हणत होता. फौजदार त्या एका झिजलेल्या पायरीवर उभा राहून आमच्याकडं बघत होता. खाली उतरायला तेवढीच होती.

उद्या पुन्हा बसायचंय. तारीख टाक.